फक्त पहिलं नाव आणि गाव

आडनाव झाकलं की माणूस झाकला जातो, असं मला वाटलं होतं. ही माझी चूक. ती केल्यावर आठ महिने मी ती दुसऱ्या माणसाच्या अंगावर राहू दिली. पहिली चूक अडाणीपणाची म्हणता येईल. दुसरीला तेवढाही आधार नाही. तो दुसरा माणूस म्हणजे आमचे नाना. त्यांच्याबद्दल लिहायचं तर हे आधी सांगून टाकलेलं बरं. नाहीतर मी त्यांच्या गमती सांगत बसेन आणि मुख्य गोष्ट राहून जाईल. गप्पांच्या आड लपायची मला सवय आहे.

नाना श्रीरामपुरात कचेरीबाहेर अर्ज लिहायला बसत. सायकल स्टँडला लागून पत्र्याची शेड, खाली एक टेबल आणि दोन खुर्च्या. अर्जदाराची खुर्ची समोर नसे. टेबलाच्या बाजूला, भिंतीकडे तोंड करून असे. बसणाऱ्याची पाठ आपोआप रस्त्याकडे व्हायची. "अर्ज सांगताना माणूस कधी कधी रडतो," नाना म्हणायचे, "ते रस्त्याला कशाला दाखवायचं?" खेड्यातली माणसं त्यांना तलाठ्यासारखं 'भाऊसाहेब' म्हणायची, की लगेच दुरुस्ती: "भाऊसाहेब आत बसतात. मी बाहेरचा. म्हणून तर लवकर भेटतो."

अर्ज ते दोन प्रतींत लिहीत. लिहून झालं की दोन्ही प्रती अर्जदाराच्या हातात, आणि वर मधला कार्बनही. "हा पण ने. उजेडात धरला की सगळं वाचता येतं." शेजारी बसणारा स्टॅम्पवाला हसायचा. "नाना, एका कार्बनावर पन्नास अर्ज निघत्यात की!"

"म्हणूनच," नाना म्हणायचे, आणि नवा कार्बन काढायचे.

रस्त्यात ते कुणालाही ओळख देत नसत. काल तासभर शेजारी बसून घरचं सगळं सांगून गेलेला माणूस आज बाजारात समोर आला, तरी नानांची नजर भाजीवर. माणसं दुखावायची. "म्हातारं काल कसं गोड बोलत हुतं, आज वळखत न्हाई!" मी एकदा याबद्दल विचारलं, तेव्हा म्हणाले, "बाई नवऱ्याबरोबर चाललेली असते. मी नमस्कार केला की नवरा विचारतो, हा कोण? मग तिनं काय सांगायचं? तिनं आधी ओळख दाखवली तर मी दाखवतो. नाहीतर मी तिला जन्मात पाहिलेलं नाही."

नाना ख्रिस्ती. दर रविवारी चर्चला जाणारे, आणि तिथंही शेवटच्या बाकावर बसणारे, म्हणजे पुढं कोण कोण बसलंय ते पाठमोरंच दिसावं. त्यांचे वडील मिशनच्या शाळेत शिक्षक होते. अक्षर त्यांच्याकडून आलेलं. त्या अक्षरासाठी कोपरगावकडची माणसंसुद्धा एसटी बदलून यायची.

पुढं हात कापायला लागला. अक्षर तेवढंच सुंदर राहिलं, पण एका अर्जाला दीड तास. माणसं मग दुसऱ्याच्या अर्जाचा मोबाईलवर फोटो काढून त्यावरून नक्कल करू लागली. एकानं तर नक्कल करताना मूळ अर्जदाराचं नावही तसंच उतरवलं आणि दुसऱ्याच्या मेलेल्या आजोबांचा वारस म्हणून अर्ज देऊन आला. नानांनी ते फार मनाला लावून घेतलं. माझा कॉम्प्युटर क्लास रस्त्यापलीकडे. मी म्हणालो, "नाना, सगळे नमुने इंटरनेटवर टाकू. ज्याला हवा तो काढून घेईल, फुकट."

अशी नानांची वेबसाईट सुरू झाली. पांढरं पान, काळी अक्षरं आणि अर्जांची एक लांबलचक यादी: नावदुरुस्ती, विभक्त शिधापत्रिका, वारस नोंद, बांध कोरल्याची तक्रार. मी एक फिरता फोटो घालू म्हणालो. "अर्जावर अर्ज लिहिणाऱ्याचा फोटो असतो का?" विषय संपला. पुढं जिल्ह्याचं नाव बदललं तेव्हा प्रत्येक नमुन्यात 'अहमदनगर'चं 'अहिल्यानगर' करत बसलो होतो. नाना म्हणाले, "जिल्ह्यालाही नावदुरुस्ती करावी लागली. त्याला नमुना कुणी दिला असेल?"

नानांकडे साधा, बटणांचा फोन. वेबसाईट ते कागदावर वाचत. महिन्यातून एकदा मी सगळी पानं छापून नेऊन द्यायचो. ते लाल पेनानं ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करून परत द्यायचे. जगात छापून तपासली जाणारी वेबसाईट आमची एकच असेल, असं मी क्लासमध्ये हसून सांगायचो. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढं मी जे केलं ते कागदावर छापलं जात नव्हतं.

सुरुवातीलाच त्यांनी विचारलं होतं, "येणाऱ्याचं काही आपल्याकडे राहतं का रे?"

मी कुकी समजावून सांगितली. येणाऱ्याच्या मोबाईलमध्ये आपण एक छोटी खूण ठेवतो. परत आला की ओळखता येतो.

"चोर दिवसा येऊन दारावर फुली मारून जातात, तशी?"

"तशी नाही हो, नाना. कुकी म्हणजे बिस्कीट."

"फुलीला बिस्कीट म्हटलं की दारं उघडी टाकतात होय लोक?" ते म्हणाले. "आपल्याकडे नको."

मग मी त्यांना सांगितलं की ज्या कंपनीच्या यंत्रावर आपली पानं ठेवली आहेत, ते यंत्र येणाऱ्याची एक ओळ स्वतःहून लिहून ठेवतं: किती वाजता, कुठल्या जोडणीवरून, कुठलं पान. नाना अस्वस्थ झाले. "न विचारता?" बिघाड शोधायला त्या ओळी लागतात, असं मी म्हणालो. सात दिवसांवर तोडगा निघाला. तरीही, हे लपवायचं नाही म्हणून त्यांनी एक वेगळं पान लिहायला घेतलं. मोठ्या वेबसाईटवर असतं तसं 'गोपनीयता धोरण' हे नाव मी सुचवलं होतं. त्यांनी ते खोडून 'तुमच्याबद्दल' असं केलं. मजकूर सगळा त्यांचा:

"इथे कोण आलं, हे आम्ही विचारत नाही. विचारत नाही म्हणून लिहून ठेवत नाही. लिहून ठेवत नाही म्हणून कुणी विचारलं तरी सांगू शकत नाही. ज्या यंत्रावर ही पानं ठेवली आहेत ते मात्र आमचं ऐकत नाही. ते सात दिवस नोंद ठेवतं. आठव्या दिवशी आम्ही ती पुसतो. अर्ज काढून घेतला म्हणजे तो दिलाच पाहिजे असं नाही."

शेवटचं वाक्य मला तिथं अवांतर वाटलं. कायद्याच्या दृष्टीनं त्याची गरज नाही, मी म्हणालो. नाना म्हणाले, "मास्तर, माझ्या हातचे निम्मे अर्ज कचेरीत पोचलेच नाहीत. ट्रंकेत गेले, पिशवीत गेले, उशीखाली गेले. लिहून झालं की माणसाचा राग अर्धा उतरतो. मग तो घरी जाऊन ठरवतो. तेवढी जागा माणसाला पाहिजे."

मी मान हलवली. मान हलवण्यात मी तरबेज आहे.

वर्षभरानं एका पतसंस्थेचे चेअरमन मला म्हणाले, "आमची वेबसाईट तुम्हालाच देऊ. पण त्या नानांच्या साईटवर येतं किती पब्लिक?" मला सांगता येईना. नानांच्या पायी आमच्याकडे आकडाच नव्हता. मला लाज वाटली. आज कशाची लाज वाटायला हवी होती ते कळतं.

मी दोन गोष्टी केल्या. अर्ज काढून घेण्याआधी नाव, गाव आणि मोबाईल नंबर भरायची चौकट घातली. आणि पहिल्या पानाच्या तळाशी एक सरकती पट्टी. खरेदीच्या साईटवर असते ना, 'नाशिकहून कुणीतरी आत्ताच हा मिक्सर घेतला', तशी. गर्दी दिसली की गर्दी वाढते. नानांना सांगितलं नाही. छापलेल्या कागदावर सरकती पट्टी येत नाही, आणि चौकट बटण दाबल्यावरच उघडायची.

शहरात लोक अशा चौकटीत काहीही खरडतात. आमची माणसं तसं करत नाहीत. आयुष्यभर कचेरीचे फॉर्म भरलेले. 'अर्जदाराचे संपूर्ण नाव' दिसलं की नवऱ्याच्या, वडिलांच्या नावासकट खरं नाव, मुक्काम पोस्ट, तालुका. त्यात ही नानांची साईट. मी विचार केला, सगळं दाखवायला नको, गोपनीयता पाळली पाहिजे. म्हणून आडनाव काढलं, नंबर काढला. पट्टीवर ठेवलं फक्त पहिलं नाव, गाव आणि अर्जाचं नाव. त्या दिवशी स्वतःच्या शहाणपणाचं मला कौतुक वाटलं होतं.

आमच्याकडच्या खेड्यात अर्धं गाव एकाच आडनावाचं असतं. आडनावानं तिथं कुणीच सापडत नाही. माणूस सापडतो तो पहिल्या नावानं. जे उघडं राहिलं तरी चाललं असतं ते मी झाकलं, आणि जे झाकायचं ते पट्टीवर फिरवलं. असं चार महिने.

'तुमच्याबद्दल' हे पान तेवढे दिवस जसंच्या तसं होतं. दर महिन्याला मी ते छापून नेत होतो आणि नाना लाल पेन घेऊन वाचत होते. त्यात चूक सापडत नसे.

चेअरमनना पट्टी फार आवडली. त्यांनी मला चहा पाजला आणि काम भाच्याला दिलं.

आता त्या बाईंबद्दल. त्यांच्याविषयीचे काही तपशील मी इथं बदलले आहेत; कोणते, ते विचारू नका.

मी छापील पानं द्यायला गेलो होतो, तेव्हा त्या आल्या. चाळिशीच्या. खुर्चीवर बसल्या नाहीत, उभ्याच राहिल्या.

"नाना, माझं वडील तुमच्याकडूनच अर्ज लिवून घ्यायचं. तुमच्या तोंडून कदी शब्द गेला न्हाई. मंग आत्ताच कसा गेला?"

नानांनी पेन खाली ठेवलं. "काय झालं, बाई?"

वडील वारल्यावर शेतीच्या उताऱ्यावर फक्त भावांची नावं लागली होती. बहिणीचं नाव वारस म्हणून कसं लावायचं, हे त्यांनी शेडखाली येऊन नानांना विचारलं होतं, आणि नानांच्या सांगण्यावरून तो अर्ज साईटवरून मोबाईलवर काढून घेतला होता. गाव म्हणून माहेरचं घातलं, कारण जमीन तिथली. "मी नुसता वाचाया काढला व्हता. द्यायचा का फाडायचा, माझं मलाच ठरलं नव्हतं. आन् दुसऱ्या दिशी भावाचा फोन! 'अर्जच करायचा व्हता तर तोंडानं मागायचं व्हतं, अक्का.' आता काय सांगू त्याला? न्हाई केला म्हनू, तर म्हनतो, काढला तर खरं."

"मग?"

"मंग काय! मन साफ हाय, हे दाखवाया हक्कसोडीवर सही करून आले." हक्कसोड म्हणजे बहिणींनी वडिलांच्या जमिनीतला हिस्सा भावांच्या नावे सोडून द्यायचा कागद. "सही केली तरी वर्षश्राद्धाचं बोलावनं न्हाई. आई फोन उचलीत न्हाई. जमीन बी गेली आन् म्हायेर बी. तुमाला काय मिळालं, नाना?"

गावातल्या झेरॉक्सच्या दुकानात कॉम्प्युटरच्या पडद्यावर ती पट्टी सरकत असणार आणि त्यांचा भाऊ रांगेत उभा असणार. पट्टीचं त्यांना माहीत नव्हतं, नानांनाही नव्हतं. मला मात्र ऐकता ऐकताच सगळं कळलं. माझ्या हातात पानांची चळत होती. सगळ्यात वर 'तुमच्याबद्दल'.

नाना खुर्चीतून उठले. मग हात जोडून म्हणाले, "कसं झालं ते मला आठवत नाही. पण माझ्याकडूनच झालं असणार, बाई. दुसरं कोण आहे इथं? मला माफ करा."

दुसरा मी होतो, चार फुटांवर. मी बोललो नाही.

बाई थोड्या नरमल्या. "वय झालं तुमचं," एवढंच म्हणून गेल्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या दिवशी क्लासवर पोचल्याबरोबर मी पट्टी काढली, चौकट काढली. यादी मात्र ठेवली. का, ते आजही सांगता येत नाही. पुरावा पुसायची भीती, की पुरावा असण्याची, कोण जाणे.

नानांनी स्वतःवर पहारा बसवला. आधी चहाच्या टपरीवर जाणं सोडलं. मग स्टॅम्पवाल्याशी बोलणं. "वयानं तोंड सैल होतं, आणि ते आपल्याला कळत नाही," मला म्हणाले. "मी झोपेत बोलतो का, असं घरी विचारलं. नाही म्हणतात. पण ते मला बरं वाटावं म्हणून म्हणत असतील." एका सकाळी चाळीस मैलांवरून आलेल्या म्हाताऱ्याला त्यांनी परत पाठवलं. "दुसऱ्याकडून लिहून घ्या. माझ्या तोंडाचा भरवसा राहिलेला नाही." त्यानंतर टेबलाला कुलूप. इतकी वर्षं कुणाचं काही न सांगितलेला हा माणूस, स्वतःच्याच तोंडाला चोर समजू लागला होता. आणि मी दर महिन्याला छापील पानं त्यांच्या घरी पोचवत होतो. दुसरं काही पोचवायचं धैर्य नव्हतं.

आठव्या महिन्यात त्यांनी पानं घेतली नाहीत. "साईट बंद कर," म्हणाले. "ज्याचं तोंड सैल, त्यानं 'सांगू शकत नाही' असं लिहू नये."

तेव्हा मी सांगितलं. उभ्या उभ्या. पट्टी, चौकट, चेअरमन, आडनाव, सगळं.

मला वाटलं होतं ते ओरडतील. नाना हळूच म्हणाले, "म्हणजे मी बोललो नव्हतो?"

"नाही, नाना."

"नक्की?"

"तुम्ही एक शब्दही बोलला नव्हतात."

त्यांनी डोळे मिटले. मग आत हाक मारून दोन कप चहा सांगितला. चहा येईपर्यंत मला वाटलं, सुटलो. कप खाली ठेवून ते म्हणाले, "आमचे फादरसुद्धा पापाची कबुली जाळीआडून ऐकतात, मास्तर. तू जाळी काढलीस आणि वर फोकस लावलास. यादी कुठाय?"

"माझ्याकडे आहे."

"पूस."

"त्यात त्यांचा नंबर आहे, नाना. फोन करून माफी मागतो, मग पुसतो."

"नंबर कुठून मिळाला म्हणून सांगशील?"

फोन काढायला खिशात घातलेला हात मी बाहेर घेतला.

"चोरीच्या सायकलवर बसून माफी मागायला निघालाय," नाना म्हणाले.

"मग गावी जातो. समोर उभा राहतो."

"जा की. अंगणात उभा राहा. शेजारीण विचारील, हे पाव्हणं कोण? काय काम काढलं? काय सांगायचं तिनं? पुन्हा तीच पट्टी फिरवायची?" मग म्हणाले, "जिथं केलंस तिथं माग. आणि लिहून आण. मी तपासणार."

माफीचा अर्ज मी सात वेळा लिहिला. पहिल्या मसुद्यात गावाचं नाव होतं. नानांनी कागद न वाचताच परत दिला. दुसऱ्यात 'एका ताईंची' असं होतं. "ताई लिहिलंस की निम्मं गाव वगळलंस. शोधणाऱ्याचं काम सोपं केलंस." तिसऱ्यात 'अत्यंत', 'मनःपूर्वक', 'नकळत' असे शब्द होते. "अर्जात विशेषण आलं की समजावं, अर्जदार काहीतरी लपवतोय. आणि 'नकळत' कसं? पट्टी काय आपोआप उगवली?" चौथ्यात मी 'एक व्यक्ती' असं लिहिलं. त्यावर ते पहिल्यांदा खूश झाले. "हे बरंय. पुरुष असला तरी व्यक्ती ती व्यक्तीच. मराठीनं सोय करून ठेवलीय."

"पण नाना, मग हे आपल्यासाठी आहे हे त्यांना कळेल का?"

"जिचं आहे तिला कळतं."

"आणि त्या साईटवर आल्याच नाहीत तर?"

"आली, नाही आली, आपण बघायचं नाही."

एकाच ओळीवर आमचं भांडण झालं. नानांनी काही सांगितलं नाही, हे मी लिहिलं होतं आणि नाना ती ओळ दर वेळी खोडत होते. "मी माफी मागून बसलोय. आता ती परत कशी घ्यायची? बरं दिसत नाही." सातव्या मसुद्यात त्यांनी पुन्हा खोडलं, मी पुन्हा लिहिलं, आणि त्यांना न विचारता ते पान वर चढवलं. त्यांना न विचारता केलेलं माझं हे दुसरं काम. छापून नेलं तेव्हा त्यांनी त्या ओळीखाली पेन धरून ठेवलं, बराच वेळ. खोडलं मात्र नाही.

नंतर महिनाभरानं नाना पुन्हा शेडखाली बसू लागले. त्या बाईंचं पुढं काय झालं ते मला माहीत नाही. त्यांचा हिस्सा परत आला नाही, एवढं समजून चालतो. 'तुमच्याबद्दल' या पानावर, नानांच्या मजकुराच्या वर, आजही हे आहे:

"नाव विचारत नाही, असं या पानावर लिहिलेलं असताना मी चार महिने नावं विचारली, लिहून ठेवली आणि पहिल्या पानावर सर्वांना दाखवली. हे मी नानांना न सांगता केलं. नानांनी कुणाबद्दल कुणालाही काही सांगितलेलं नाही. एक व्यक्ती अजून विचार करत होती. माझ्यामुळे तिचा निर्णय झालाच आहे असं तिच्या माणसांनी धरलं, आणि तिचं जे गेलं ते मला परत देता येत नाही. ती विचारायला आली तेव्हा मी तिथेच होतो आणि गप्प राहिलो. यादी पुसली आहे. तुम्ही हे वाचलंत की नाही, हे मला कधीच कळणार नाही, आणि ते तसंच असायला हवं. मी तुमची माफी मागतो."